सात मोठा की सहा?

मी गणिताचा मास्तर. देऊळघाटच्या पोरांना पंचवीस वर्षं शिकवत आलो की सात हा सहापेक्षा मोठा असतो. या विधानाला पालकसभेतसुद्धा कधी कुणी हरकत घेतली नव्हती. ती पहिल्यांदा घेतली एका स्पार्कप्लगनं, १९९८ सालच्या फेब्रुवारीत. पुढच्या महिनाभरात त्या बोटाएवढ्या वस्तूनं माझी सगळी अब्रू पैनगंगेच्या पुलावर आणून उभी केली, तीही भर दुपारी, येणारे-जाणारे बघत असताना.

गाडी मारुती ८००, जुनी, दुसऱ्या की तिसऱ्या हातची. १४ डिसेंबर १९८३ ला हरपाल सिंग नावाच्या गृहस्थांना इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली दिली, तेव्हाचा फोटो मी वर्तमानपत्रातून कापून ठेवला होता. चौदा वर्षांनी, डिसेंबरातच, मलकापुरात मला किल्ली मिळाली. फरक एवढाच की त्यांना देणारा हात पंतप्रधानांचा होता आणि मला देणारा माणूस दुसऱ्या हातानं सुपारी कातरत होता.

सुपारी तोंडात टाकून त्यानं गाडीतली एकेक चीज दाखवली. रेक्झिनची सीटकव्हरं, गजानन महाराजांचा फोटो, प्लॅस्टिकची फुलं, जळगाव आकाशवाणी खणखणीत लागणारा रेडिओ. डॅशबोर्डखालचं एक काळं बोंड त्यानं अर्ध्या बोटाएवढं बाहेर ओढलं, ते परत आत जाऊ नये म्हणून त्याच्या मानेला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावला आणि म्हणाला, "घाटावर गारठा असते गुरुजी. हे असंच राहू द्या."

आमच्या जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख जातीनं किंवा पक्षानं होत नाही, तो घाटावरचा की घाटाखालचा यानं होते. मलकापूर-नांदुरा घाटाखाली, बुलढाणा-चिखली घाटावर. घाटाखालच्या माणसाला वाटतं घाटावर आम्ही बारा महिने घोंगडी पांघरून बसतो. बुलढाणा त्यातल्या त्यात थंड हवेचं गाव आणि आमचं देऊळघाट त्याच्या शेजारचं, आठ-दहा किलोमीटरवर. तेव्हा त्याचं म्हणणं मी आदरानं ऐकून घेतलं. मलकापूरची भट्टी सोसणारा माणूस आमच्या थंडीची काळजी करतोय, याचं मला उलट कौतुक वाटलं.

राजूर घाट चढताना गाडी खोकली. डिसेंबर होता, मीही खोकत होतो.

जानेवारी संपता संपता लक्षात आलं की माझा खोकला थांबलाय आणि गाडीचा वाढलाय. उभी असताना धडधडायची, चालताना ठसके द्यायची, मागून काळा धूर सोडायची. पेट्रोल तर अशी प्यायची की घरात त्यावरून बोलणं निघू लागलं. गावात असल्या वेळी सल्ल्याला तोटा नसतो. एक म्हणाला "मिसिंग मारते", दुसरा म्हणाला "पिकअप नाही", तिसरा म्हणाला "कचरा आलाय". "कचरा आलाय" हे निदान आमच्याकडे मारुतीपासून सुनेपर्यंत कशालाही चालतं.

खरं तर गावातल्या गॅरेजवर गेलो असतो तर काम पाच मिनिटांचं होतं. पण गॅरेज चालवणारा मुलगा माझा विद्यार्थी. मी त्याला गणितात दोनदा नापास केलं होतं. वर्गात त्याला उभं करून "तुझं आयुष्यात कसं होणार?" असं मी एकदा नव्हे, दर आठवड्याला विचारलं होतं. आता त्याच्याच दारात जाऊन "बाबा रे, माझ्या गाडीचं कसं होणार?" हे विचारायचं? मी ठरवलं, प्रश्न विज्ञानाचा आहे, आपण सोडवू. शाळेत विज्ञानाचे सर रजेवर गेले की त्यांचा तास मीच घेतो.

बुलढाण्याहून मोटारदुरुस्तीचं एक पुस्तक आणलं, प्लगपाना आणला, आणि एका रविवारी सकाळी तिन्ही प्लग काढले. ही गाडी तीन सिलिंडरची, म्हणून प्लग तीन. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ते ओळीनं मांडले. बघता बघता शेजारपाजार जमला. अक्षय्य तृतीयेला जळगाव जामोदकडे भेंडवळला घटमांडणी होते, घटाभोवती अठरा धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊसपाणी, पीक, देशाचं भलंबुरं सगळं सांगतात. माझ्या ओट्यावर तोच थाट होता, धान्याच्या जागी फक्त प्लग. मंडळी कमरेवर हात ठेवून भाकिताची वाट पाहत उभी.

तिन्ही प्लग काळेकुट्ट होते, तव्याच्या बुडासारखे. पुस्तकात लिहिलं होतं, निरोगी प्लगचं टोक फिकट तपकिरी असतं, दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं. पांढरंफटक असेल तर प्लग जास्त तापतोय, ओलसर तेलकट असेल तर तेल वर येतंय, आणि कोरडी काजळी असेल तर... इथं पुस्तकात चार-पाच कारणं दिली होती. पहिलं कारण एका ओळीचं होतं. चौथं, "प्लग गरजेपेक्षा थंड असणे", हे दीड पानाचं होतं आणि त्यात आलेख होता. आलेख दिसला की माझं भान सुटतं. मी चौथं निवडलं.

बायको भाकरीचं पीठ मळता मळता बाहेर आली, प्लगकडे पाहिलं आणि म्हणाली, "अहो, चुलीला हवा कमी पडली की अशीच काजळी धरते. फुंकणी देऊ का?"

जमलेली मंडळी हसली. सगळ्यात मोठ्यानं मी.

हा गरम-थंड प्रकार आधी सांगायला हवा, नाहीतर माझा गाढवपणा किती शास्त्रशुद्ध होता ते कळणार नाही. गरम प्लग म्हणजे गरम ठिणगी देणारा प्लग नव्हे. ठिणगी सारखीच. प्लगच्या टोकाला लागलेली आच तो किती लवकर इंजिनाच्या डोक्याकडे पोचवतो, यावर त्याचं गरम-थंडपण ठरतं. आतल्या पांढऱ्या मातीचं नाक लांब असेल तर आच रेंगाळते, तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर आच झटकन निघून जाते, तो थंड. टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं की त्याच्यावरची काजळी आपोआप जळते, ८५०-९०० च्या पुढं गेलं की ठिणगी पडायच्या आधीच पेट्रोल भडकायला लागतं. या दोन्हींच्या मधे त्याला ठेवायचं. माझ्या प्लगवर काजळी, म्हणजे टोक तापत नाही, म्हणजे प्लग थंड, म्हणजे आणखी गरम प्लग हवा. इति सिद्धम्.

जुन्या प्लगवर अक्षरं होती बी पी आर ६ ई एस. पुस्तकाच्या मदतीनं ती फोडली. बी म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, पी म्हणजे नाक पुढे आलेलं, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर, एस म्हणजे आत तांबं. सहा हा उष्णतेचा आकडा. आणि आर म्हणजे आत बसवलेला रोध, काही हजार ओहमचा. मी थबकलो. विजेच्या वाटेत अडथळा? तोही पैसे मोजून विकत घ्यायचा? नववीच्या पोरालाही कळतं की रोध वाढला की प्रवाह कमी. बनवणाऱ्यानं तो का घातला असेल हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला पडला तो असा, की एवढी साधी गोष्ट जपानी माणसांच्या लक्षात कशी आली नाही?

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बुलढाण्याच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, "गाडी कोणती?"

सरळ उत्तर होतं, मारुती. त्यानं खणातून तीन प्लग काढून दिले असते आणि हा लेख इथंच संपला असता. पण मी म्हणालो, "बी पी ७ ई एस द्या. आर नको."

तो माझ्याकडे पाहत राहिला. "कशाला लावायचा?"

"सहापेक्षा गरम हवाय."

"मग सात कायले नेता?"

"सात सहापेक्षा मोठा असतो," मी वर्गातल्या आवाजात सांगितलं. त्यानं खांदे उडवले आणि शोधून सात दिला. गिऱ्हाईक मास्तर असलं की दुकानदार वाद घालत नाहीत. आधीच्या अनुभवानं शहाणे झालेले असतात.

घरी आणून गॅप लावायचा होता. प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर, पुस्तकाप्रमाणे ०.८ मिलिमीटर. मोजायला पत्र्याच्या पातळ पट्ट्यांचं फिलर गेज लागतं, ते माझ्याकडे नव्हतं. पण दाढीच्या दुधारी ब्लेडची जाडी ०.१ मिलिमीटर असते हे मला ठाऊक होतं, आणि ०.१ गुणिले आठ किती हेही. आठ ब्लेडं एकावर एक रचून मी ती प्लगच्या फटीत घातली. गणित अचूक उतरलं. बोटं तीन कापली. दुसऱ्या दिवशी खडू धरता येईना, तेव्हा मुख्याध्यापकांनी विचारलं, "कशानं कापलं?" मी म्हणालो, "दाढी करताना." त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग हनुवटीकडे, आणि विषय बदलला.

नवे प्लग बसवले. गाडी आणखी बिघडली. आठवडाभरानं काढून पाहिले तर जुन्यांपेक्षा काळे.

मग पुस्तकाचं पुढचं पान वाचलं. तिथं तळटिपेत, मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं, एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. ही कंपनी नागोयाची, १९३६ सालची, नावातलाच 'गाइशी' म्हणजे जपानीत विजेच्या खांबावरची चिनी मातीची चिमणी. तर यांच्या हिशेबात सात सहापेक्षा थंड. मी काजळी घालवायला गरम प्लग आणायला गेलो आणि आणखी थंड घेऊन आलो.

माणसानं चुकीतून शिकावं, हे मी पोरांना नेहमी सांगतो. मी शिकलो. आकडा मोठा तर प्लग थंड, आकडा लहान तर गरम, हे फळ्यावर लिहावं तसं मनात लिहून पुन्हा बुलढाण्याला गेलो. त्याच दुकानात जायचं धाडस नव्हतं, म्हणून दुसऱ्या. या दुकानात बॉशचे प्लग होते. बॉश म्हणजे स्पार्कप्लगचं माहेरच. १९०२ साली त्यांच्या गॉटलोब होनोल्ड या इंजिनिअरनं जास्त दाबाची वीज देणारा मॅग्नेटो आणि त्याबरोबरचा प्लग बनवला, तेव्हापासून मोटारी विश्वासानं पेटू लागल्या. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगलोरला त्यांची मायको निघाली, आणि अजून जुने मिस्त्री प्लग कुठल्याही कंपनीचा असो, "मायकोचा टाका" असंच म्हणतात. एवढं सगळं मी दुकानदाराला सांगितलं. त्यानं बरण्या पुसत ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणता देऊ?"

त्याच्याकडे डब्ल्यू आर ७ डी सी होता, डब्ल्यू ५ डी सी होता. सातानं एकदा हात पोळले होते, किंवा खरं म्हणजे गारठले होते. शिवाय सातात पुन्हा तो आर. मी विजयी मुद्रेनं पाच घेतला.

आता ऐका. बॉशमध्ये उलटं असतं. आकडा जितका मोठा तितका प्लग गरम.

म्हणजे पहिल्यांदा मी गणिताच्या नियमानं गेलो तेव्हा जपान्यांनी नियम उलटा ठेवला होता, आणि उलटा नियम पाठ करून गेलो तेव्हा जर्मनांनी तो सुलटा ठेवला होता. दोन्ही वेळा मी आधीपेक्षा थंड प्लग घेतला. हे दोन देश एका युद्धात एका बाजूनं लढले होते. तेवढ्यात हा एक आकडा आपसात ठरवून घ्यायला काय झालं होतं?

पण हे मला अजून कळायचं होतं. तोपर्यंत माझा संशय प्लगवरून वायरींवर गेला होता.

बॅटरीची वीज १२ व्होल्टची. कॉइल तिला पंधरा-वीस हजार व्होल्टवर नेते, तिथून ती डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत येते, आणि टोपीतून जाड वायरींनी पाळीपाळीनं एकेका प्लगकडे जाते. मिस्त्री लोक याला एच.टी. वायर म्हणतात. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर घरी आणला (नोंदवहीत नोंद करून) आणि एका वायरीचा रोध मोजला. सात हजार ओहम! दुसरीचा, सहा हजार. वीतदीड वीत वायरीला? प्रयोगशाळेतल्या तांब्याच्या तारेला एक ओहमसुद्धा भरत नाही. सापडला चोर.

ज्यांना ठाऊक आहे ते आता हसत असतील. या वायरींच्या पोटात तांबं नसतंच, कार्बन भरलेला दोरा असतो, आणि त्यात रोध मुद्दाम ठेवलेला असतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल तर एका प्लगमध्ये दीड हजार ठिणग्या पडतात, तीन प्लगच्या मिळून साडेचार हजार. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटं रेडिओ केंद्र. प्लगमधला तो आर आणि वायरीतला तो रोध हे दोघं मिळून या साडेचार हजार केंद्रांची तोंडं बंद ठेवतात. मी दोघांनाही घराबाहेर काढलं. हात-हातभर पक्क्या तांब्याच्या वायरी आणून टोप्या बसवल्या. जुन्या वायरी बायकोनं परसातल्या गिलक्याचा वेल बांधायला घेतल्या.

वायरी बदलताना एक नियम असतो, एका वेळी एकच काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मग दुसरी. मी तिन्ही एकदम काढल्या. नीट पुसून घेता येतात म्हणून.

आता डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवर तीन शिंगं आणि माझ्या हातात तीन वायरी. तीन वायरी तीन जागी सहा प्रकारे लावता येतात, त्यातला बरोबर एकच. एखादा घाबरला असता. मी गोल फिरत क्रमानं लावल्या, एक, दोन, तीन. याहून नैसर्गिक क्रम जगात नाही.

हे सगळं झालं मार्चमध्ये, दहावीच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी. मी पर्यवेक्षक होतो, केंद्र जवळच्या एका गावात. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या लोकांनी माझं अजून कुठं सांगितलेलं नाही. एसटीनं गेलो असतो तर वेळेवर पोचलो असतो. पण दुरुस्त केलेली गाडी चार शिक्षकांसमोर नेऊन उभी करायची हौस होती.

किल्ली फिरवली. इंजिन घुरघुरलं, एकदा शिंकलं, गप्प झालं. गल्लीतली पोरं धावून आली. गुरुजींना धक्का मारायला मिळतोय, ही संधी पोरं आयुष्यात एकदाच पाहतात. गाव संपलं तसा उतार लागला, गाडी आपली आपण पळायला लागली. मी गिअर टाकून क्लच सोडला की एक ठिणगी बरोबर पडे आणि दोन भलत्याच वेळी. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये साठत गेलं. रेडिओ मी सवयीनं लावला होता. जळगाव आकाशवाणीवर जो कोणी बोलत होता तो तेलाच्या कढईत पडल्यासारखा तडतडत होता. "...शेतकरी बांधवांनी कर्रर्रर्र..." मी ब्रेक दाबून पाहिला, हॉर्न वाजवला, आणि त्याच वेळी मागं पहिला धमाका झाला.

दुसरा केंद्राच्या फाटकाशी. तिसरा फाटकाच्या आत.

दहावीच्या केंद्राभोवती त्या काळी काय असायचं हे वाचकांना सांगायला नको. कंपाउंडवर काका, झाडावर मामा, खिडकीखाली थोरला भाऊ, प्रत्येकाच्या खिशात घड्या घातलेली उत्तरं. पहिल्या आवाजाला झाड रिकामं झालं, दुसऱ्याला कंपाउंड. तिसऱ्यानंतर मैदानात चपला उरल्या आणि वाऱ्यावर उडणारे भूमितीचे सिद्धांत. बंदोबस्तावरचा होमगार्ड काठी टाकून पाण्याच्या टाकीमागे बसला होता. काळ्या धुराच्या ढगातून मी हातात पिशवी घेऊन उतरलो, तेव्हा तो म्हणाला, "सर, तुमी भरारी पथकात कधीपासून?"

त्या दिवशी त्या केंद्रावर एकही कॉपी झाली नाही. पेपर संपल्यावर केंद्रसंचालक माझा हात हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, बीजगणिताच्या दिवशीही गाडी आणता येईल का?"

गाडी परत आली ट्रॅक्टरला बांधून. पैनगंगा इथून फार लांब उगम पावत नाही, वर मढला बुधनेश्वराजवळ, तेव्हा आमच्याकडे ती अजून लहानच असते आणि मार्चमध्ये तर पात्रात दगडच जास्त. पण पुलाला त्याचं काही नाही, पूल पुलाएवढाच असतो. बरोब्बर मधोमध दोर तुटला. ट्रॅक्टरवाला दुसरा दोर आणायला गेला आणि मी स्टिअरिंग धरून बसून राहिलो. पूल ओलांडून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला नमस्कार करणं भाग होतं. पहिल्या वीस जणांना मी "जरा थांबलोय" असं सांगितलं. त्यानंतर नुसतीच मान हलवत होतो.

ट्रॅक्टर गॅरेजसमोर थांबला. मी सांगितलं नव्हतं. ट्रॅक्टरवाल्याला दुसरं काही सुचलंच नाही.

माझा विद्यार्थी कापडानं हात पुसत बाहेर आला. "या सर." एवढंच. मी म्हणालो, "टायमिंगचा किरकोळ प्रश्न असावा." त्यानं बॉनेट उघडलं आणि क्षणभर आत पाहत राहिला.

"सर, ह्या वायरी कोनं लावल्या?"

"लागल्या," मी म्हणालो. अकर्मक क्रियापदाचा इतका आधार मला यापूर्वी कधी वाटला नव्हता.

"एक-तीन-दोन लागते सर या गाडीले. पहिल्यानंतर तिसरा पेटते, मंग दुसरा. हे एक-दोन-तीन लागलं."

"एकानंतर दोनच येतात रे."

तो हसला नाही. अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला, "मले तवाही एकानंतर तीनच वाटे सर. म्हनून तर तुमी नापास केलं."

त्यानं वायरींची अदलाबदल केली आणि प्लग काढायला घेतले. दुसरा प्लग निघायला अर्धा तास लागला, कारण नळाचा आटा आवळावा तसा मी तो जीव खाऊन आवळला होता. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आधी हातानं फिरवत न्यायचा आणि पान्यानं शेवटी अर्धा फेरा द्यायचा, आटे गेले तर हेड उतरवावं लागतं, हे त्यानं मला काम करता करता सांगितलं, आवाज न चढवता. मी त्याला एकदाही तसं शिकवलेलं नव्हतं. प्लग हातात घेऊन आकडा वाचला. "हा तं थंडा हाये सर. लांबच्या पल्ल्याले, रेसच्या गाडीले लावते असा. आकडा कंपनीचा असते, आपल्या गाडीचं पुस्तक काय म्हनते ते पाहा लागते." माझे जुने सहा नंबरचे प्लग मी पिशवीत बाळगून होतो. ते त्यानं तारेच्या ब्रशनं घासले, फटीत हॅकसॉच्या आरीचं पातं घालून पाहिलं, वर अगदी केसभर उघडलं, झालं. ते पातं साधारण ०.६५ मिलिमीटर भरतं. बोट एकही कापलं नाही. जुन्या वायरींसाठी एका पोराला आमच्या घरी पिटाळलं. तो आला तेव्हा एका वायरीला गिलक्याचं पिवळं फूल होतं.

मग तो गाडीत बसला. किल्लीला हात घातला आणि थांबला. खाली वाकून पाहिलं.

"सर, हे काय हाये?"

"चिमटा."

"कायले लावला?"

"घाटावर गारठा असतो म्हणून," मी म्हणालो, आणि वाक्य तोंडातून निघता निघता मला पुस्तकातलं ते एका ओळीचं पहिलं कारण आठवलं. चोक ओढलेला राहणे. सकाळी थंड इंजिन पेटावं म्हणून हवा थोडी कोंडायची आणि मिनिटा-दोन मिनिटांत बोंड परत आत ढकलायचं, एवढंच त्याचं काम. मी डिसेंबरपासून मार्चपर्यंत गाडीचं नाक दाबून ठेवलं होतं आणि ती काळी का पडतेय म्हणून जपान-जर्मनी फिरून आलो होतो.

त्यानं चिमटा काढला. बोंड आपोआप आत गेलं. किल्ली फिरवली, गाडी शिवणाच्या मशीनसारखी चालू झाली. रेडिओ सुरूच होता. शेतकरी बांधवांनी काय करावं ते आता स्पष्ट ऐकू आलं.

त्यानं चिमटा कापडानं पुसून माझ्या हातात दिला. पैसे विचारले तर म्हणाला, "ट्रॅक्टरवाल्याचं डिझेल द्या सर. आपलं काही झालं नाही, बटनच दाबलं." मी निघताना त्यानं मागून हाक मारली, "सर, पेट्रोल आता कमी लागन." मला त्याचा रिझल्ट आठवला. गणित, एकशेपन्नासपैकी बेचाळीस.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मी चोक म्हणजे काय ते सांगितलं, हवा कोंडली की काजळी कशी धरते तेही. ती म्हणाली, "म्हणजे हवाच कमी पडत होती." आणि चिमटा घेऊन मागच्या दोरीवर लावला. तो मलकापूरचा चिमटा आमच्या बाकीच्या चिमट्यांपेक्षा जास्त टिकला.

२०१४ च्या जानेवारीत मारुती ८०० बनायचीच बंद झाली. आताच्या बऱ्याच गाड्यांत डिस्ट्रिब्युटर नाही, वायरी नाहीत, प्रत्येक प्लगच्या डोक्यावर त्याची त्याची कॉइल, आणि ओढायला बोंड तर नाहीच. पण आमच्या भागात कार्बोरेटरच्या जुन्या गाड्या कुणाकुणाच्या गोठ्यात अजून उभ्या असतील. माझ्या कपाटात तीन जपानी सात नंबरचे आणि तीन जर्मन पाच नंबरचे प्लग आहेत, गॅप आठ ब्लेडांनी काटेकोर मोजलेला, शिवाय तीन तांब्याच्या वायरी. कुणाला हवे असतील त्यांनी देऊळघाटला येऊन फुकट घेऊन जावेत. फक्त येण्याआधी आपला चोक आत आहे का, तेवढं बघा.